शिकून काय मिळालं?

वर्धा,
२५ सप्टेंबर २०२३

प्रिय प्रफुल्ल,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागल्यापासून तुझा फोन बंद आहे. दीपमाला सांगत होती, तू वसतिगृहाची खोली रिकामी करून हिंगणीला गेलास आणि जाताना कुणाशी धड बोललाही नाहीस. म्हणून तुझ्या प्रवेश-अर्जावरचा पत्ता शोधून काढला. आजकाल पत्र कोण लिहितं, हे मलाही कळतं; पण बंद फोनपेक्षा पोस्टमनवर माझा भरवसा जास्त.

राज्यसेवेच्या यादीत तुझं नाव नाही, हे मी पाहिलं. ही तिसरी वेळ, हेही ठाऊक आहे. ‘पुन्हा प्रयत्न कर’ असं मी म्हणणार नाही, आणि ‘जाऊ दे’ असंही नाही. दोन्ही सांगणारी माणसं तुझ्याभोवती भरपूर असतील.

मी लिहितेय ते एम.ए.बद्दल. दुसरं वर्ष सुरू झालंय. परवा वर्गात जिल्हा प्रशासन शिकवत होते. समोर दीपमाला आणि आणखी तिघं. तू असतास तर मध्येच हात वर करून विचारलं असतंस, “मॅडम, हे परीक्षेला येते का?” मला त्या प्रश्नाचा किती राग यायचा! परवा कुणीच विचारलं नाही, तर काहीतरी चुकल्यासारखं झालं.

चौथ्या सत्रात प्रकल्प असतो, त्याचा विषय आता द्यायचा आहे. येणार असशील तर ये. नसशील तर तसं कळव. आणि एक खरं सांग, हा वर्ग तुला हवा कशासाठी होता? रागावण्यासाठी विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
चारुता देशकर

*

हिंगणी,
८ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं, पण ते माझ्याआधी अख्ख्या गावाला मिळालं. बाबा चौकात चहाच्या टपरीवर बसले होते. कॉलेजचा तो लांब खाकी लिफाफा, वर छापील नाव, गोल शिक्का. पोस्टमननं लांबूनच हाक मारली, “प्रेमदासभाऊ, पोराचा सरकारी कागद आला!” टपरीवरची माणसं उठून गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, नोकरीची ऑर्डर आली. बाबांनी सगळ्यांचा चहा सांगितला.

घरी येऊन त्यांनी लिफाफा बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला आणि आईला म्हणाले, “धुरपता, हात धुऊन ये.” मग मला उघडायला लावला.

“काय लिवलं हाय?”

“मॅडमचं पत्र आहे, बाबा.”

“मॅडमनं ऑर्डर धाडली?”

“नाई. ख्यालीखुशाली इचारली.”

बाबांनी लिफाफा उलटसुलट करून पाहिला. “ख्यालीखुशाली इचाराले एवढा मोठा लिफाफा?” असं म्हणून बैलाला पाणी पाजायला निघून गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही खरं विचारलं, म्हणून खरं लिहितो. मला लोकप्रशासन नको होतं. मला वर्ध्याला राहायला खोली पाहिजे होती आणि बसायला अभ्यासिका. प्रवेशाशिवाय वसतिगृह मिळत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, राज्यव्यवस्थेचा भाग या विषयात आयताच होऊन जातो. म्हणून घेतला. वर्गात बसायचो तेव्हा बाकाखाली दुसरंच पुस्तक उघडं असायचं. तुम्हाला ते दिसत असेलच.

आता परीक्षा नाही, तर खोली नको आणि खोली नको तर वर्गही नको. सोयाबीन काढून झालं, कापूस फुटायला लागला आहे, बाबांना हाताखाली माणूस पाहिजे. माझं नाव कमी करा.

रागावू नका, पण मीही एक विचारतो. वर्गात पोरं कमी पडून राहिली म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलं नाही ना?

आपला,
प्रफुल्ल थूल

*

वर्धा,
१५ ऑक्टोबर २०२३

प्रिय प्रफुल्ल,
अनेक आशीर्वाद.

या वेळी साधा, लहान लिफाफा वापरते आहे. बाबांना माझ्यातर्फे माफी सांग.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : हो, तेही एक कारण आहे. आमच्या विषयाला मुलं नाहीत म्हणून पुढच्या वर्षी वर्ग बंद करायचं बोलणं चालू आहे. मी तासिकेवर शिकवते. वर्ग नसला तर तासिका नाहीत. पण तेवढ्यासाठीच लिहायचं असतं तर वर्ग सोडून गेलेल्या सगळ्यांना लिहिलं असतं. तुलाच लिहिलं, कारण बाकाखाली पुस्तक धरूनही तूच तेवढा प्रश्न विचारायचास. आणि हो, पुस्तक दिसत होतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलंस ते कुणी मला इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मुलं या वर्गात कशाला येतात, बाहेर पडल्यावर त्यांचं काय होतं, त्यांना समाधान वाटतं की फसवल्यासारखं वाटतं, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं शिकवूनही माहीत नाही. दरवर्षी मुलं निकाल घेतात, पाया पडतात आणि जातात.

मग हाच प्रकल्प तू का करू नयेस? जुन्या विद्यार्थ्यांना शोध आणि विचार : का आला होतात, काय मिळालं, समाधानी आहात का. आपल्याच जिल्ह्यात पसरलेत सगळे. वर्ध्याला राहायची गरज नाही. कापसाच्या वेचणीतून सवड मिळेल तसा जा. सोबत काही नावं आणि गावं लिहून पाठवते आहे.

तुला राग आला आहे. तो घेऊन जा, चालेल. फक्त समोरचा बोलत असताना वाद घालू नकोस.

उत्तरांची मला थोडी भीतीच वाटते, हेही सांगून ठेवते.

तुझी,
चारुता देशकर

*

हिंगणी,
२४ नोव्हेंबर २०२३

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

उशीर झाला. वेचणीला बाया मिळत नव्हत्या, मग दिवाळी आली. नाव कमी करू नका असं आधीच कळवायला पाहिजे होतं, ते राहिलं.

खरं सांगतो, मी निघालो ते ही पदवी बिनकामाची आहे असं तुम्हाला लिहून दाखवायला. म्हणून आधी सेलूला तुमच्या यादीतल्या सुमीतकडे गेलो. त्याचं सेतू केंद्र आहे, दाखले काढून देतो. सुरुवात तर माझ्या मनासारखी झाली.

“काऊन बे, सर्व्हे करून राह्यला?” तो म्हणाला. “डिग्री पाह्यजे का तुले? घेऊन जा, फ्रेमसकट देतो.”

“समाधानी आहे का तू?”

“सर्व्हर डाऊन झाल्यावर काय कराचं, ते कोन्या पुस्तकात होतं सांग. लिही, असमाधानी. मोठ्या अक्षरात लिही.”

मी लिहिलं. आलूबोंडा खाऊ घालून त्यानं मला बसमध्ये बसवून दिलं.

मग सरिताताई. त्या एसटीत कंडक्टर आहेत, वर्धा-हिंगणघाट गाडीवर. त्यांना थांबून बोलायला वेळ नाही, म्हणून मी हिंगणघाटचं तिकीट काढलं आणि दाराजवळच्या सीटवर बसलो. तिकिटं देता देता त्या बोलत होत्या, मधूनच घंटी मारत होत्या.

म्हणाल्या, “लग्न झालं तवा मी घराबाहेर पडलीच नाई वर्षभर. सासू म्हने, कॉलेजात जाते तं जा, बाकी कुठं नाई. घराजवळच्या कॉलेजात दुपारचा वर्ग एकच होता, तुमच्या मॅडमचा. मले विषयाशी काई घेनंदेनं नव्हतं भाऊ. दुपारचे तेवढे तास माहे होते. खिडकीपाशी बसाचं, मॅडम बोलत राह्यच्या, कोनी मले चहा आन, पानी आन म्हनत नव्हतं. बोलता बोलता एक दिवस ऐकू आलं की त्या काय बोलून राह्यल्या. मंग ऐकतच गेली.”

“समाधानी आहात?”

“हे काय इचारनं झालं?” असं म्हणून त्या मागच्या सीटवरच्याला तिकीट द्यायला निघून गेल्या.

मॅडम, मी कारणांचे रकाने पाडले होते : नोकरी, बढती, स्पर्धा परीक्षा, आवड. सरिताताईंचं उत्तर यातल्या कशातच बसत नाही.

हिंगणघाटला निशांतदादा भेटले, तलाठी आहेत. मला वाटलं, ज्याला नोकरी लागली तो तरी खूश असेल. जेवायला घरी नेलं, बोलले मात्र हळू आवाजात. म्हणाले, “नोकरीनं मी समाधानी आहे. शिक्षणानं मात्र बेचैन केलं. ऑफिस कसं असावं ते मॅडमनी शिकवलं, आता कसं आहे ते रोज दिसतं. शिकलो नसतो तर झोप चांगली लागली असती.” पोरीच्या ताटात भाजी वाढत म्हणाले, “पण तरी पोरीलाही शिकवणार.”

हेही कुठल्या रकान्यात बसत नाही.

आपला,
प्रफुल्ल

*

वर्धा,
५ डिसेंबर २०२३

प्रिय प्रफुल्ल,
अनेक आशीर्वाद.

रकाने फेकून दे. माणसं जशी बोलली तशी लिहून काढ, तक्ते नंतर बघू.

सरिता मला चांगली आठवते. खिडकीशी बसायची, दोन वर्षांत एक प्रश्न विचारला नाही. मी समजत होते, हिला कंटाळा येतो. एकदा तर तिला बाहेर पाहताना बघून मी वर्गात टोमणाही मारला होता. आणि ती तिथे चक्क विश्रांती घेत होती! तुझ्या पत्राचं ते पान मी घरी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “मग तर तुझा वर्ग दवाखान्यापेक्षा बरा.”

सुमीतचं ‘असमाधानी’ मोठ्या अक्षरातच राहू दे. त्याला बोलायचा हक्क आहे.

इकडे ठीक चाललं आहे. दीपमाला म्हणते, तू फोन सुरू केलास. मला मात्र पत्रच लिही. फोनवर तू ‘हो मॅडम, बरं मॅडम’ याच्या पुढे जात नाहीस.

थंडी वाढली आहे. जंगलाच्या कडेला तुमच्याकडे जास्तच असेल. जपून राहा.

तुझी,
चारुता देशकर

*

हिंगणी,
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक चांगली, दुसरी मला न आवडलेली.

चांगली आधी. यंदा बोर अभयारण्याच्या जंगलाला लागून असलेल्या वावरांमध्ये रानडुकरांनी हरभरा पार लोळवला. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. दरवर्षी झेंडा झाला की लोक घरी जातात, यंदा सगळे थांबले. बाबा सगळ्यात पुढे. ग्रामसेवक धीरजभाऊ आमच्याकडे नवीनच आले आहेत, त्यांच्यावर बाबा तुटून पडले, “आमचं पीक डुकरं खाऊन राह्यले अन् तुमी खुर्चीत बसून पाहून राह्यले!” सरपंच सुमित्राबाई शांत करायला गेल्या तर गलका आणखीच वाढला.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. का कुणास ठाऊक, पुढे गेलो. म्हणालो, “बाबा, हे यांच्या हातात नाई.”

एकदम सगळे माझ्याकडे वळले. सभा शाळेत होती, फळा होता. मी खडू घेतला. वनखात्याचं काम कुठवर, कृषी खात्याचं कुठवर, ग्रामपंचायतीचं कुठवर, कुणाकडे अर्ज द्यायचा आणि पाहणीला कोण कोण येतं, ते काढून दाखवलं. आमचे लोक अर्ज ग्रामपंचायतीत देऊन वाट पाहत बसले होते. तो वनखात्याकडे जायला हवा होता. चूक कुणाचीच नव्हती, कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पुढच्या कामाच्या दिवशी मी, धीरजभाऊ आणि आमच्या वस्तीतले शेतकरी मिळून वनखात्याच्या ऑफिसात गेलो. या आठवड्यात पंचनामे झाले. भरपाई केव्हा येईल ते येईल.

ग्रामसभेतून घरी जाताना बाबा आमच्या वावराच्या बांधाशी थांबले. मग म्हणाले, “तुले हे कोनं शिकवलं?”

“मॅडमनं.”

“मंग एवढे दिवस तू काऊन सांगत होता का कॉलेजात काई शिकवत नाई?”

मला स्वतःलाच माहीत नव्हतं की हे माझ्या डोक्यात आहे.

आता दुसरी गोष्ट. दीपमालानं सांगितलं की नागपूरच्या एका स्पर्धा परीक्षा क्लासनं तुम्हाला बोलावलं आहे आणि जूनपासून तुम्ही जाऊन राहिल्या. डिसेंबरच्या पत्रात तुम्ही लिहिलं, ‘इकडे ठीक चाललं आहे.’ मॅडम, तुम्हाला जायचंच होतं तर मला गावोगाव कशाला फिरवलं? मी सगळ्यांना विचारत फिरलो. तुमच्या यादीत तुमचंच नाव नव्हतं. आता लिहून विचारतो. तुम्ही या विषयात का आल्या होत्या? समाधानी आहात का?

आपला,
प्रफुल्ल

*

वर्धा,
१० फेब्रुवारी २०२४

प्रिय प्रफुल्ल,
अनेक आशीर्वाद.

तुझे प्रश्न रास्त आहेत. हे उत्तर प्रकल्पात घातलंस तरी माझी हरकत नाही.

मी या विषयात का आले? मला इंग्रजी वाङ्मय हवं होतं. गुण कमी पडले. लोकप्रशासनात जागा होत्या. तुला खोली हवी होती, मला जागा मिळाली. फरक फार नाही. पुढे शिकवायला लागले तेव्हा वाटायचं, एकदा कायमची नोकरी लागली की समाधान मिळेल. ती लागली नाही. दर जूनला नवा आदेश येतो, कधी उशिरा येतो.

नागपूरच्या क्लासनं बोलावलं, हे खरं. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. वर्ग बंद झाला तर मला जावंच लागेल. तुला सांगितलं नाही, कारण तू नुकता कुठे उठून चालायला लागला होतास. ‘मॅडमच चालल्या’ म्हणून तू पुन्हा बसशील असं वाटलं. तुला मी ओळखलं नाही, एवढंच त्यातून दिसतं. सांगायला हवं होतं.

समाधानी आहे का? सप्टेंबरमध्ये विचारलं असतंस तर ‘नाही’ म्हणाले असते. तुझं पत्र परवा शिक्षकांच्या खोलीत वाचलं. बाबांचं ते ‘काऊन सांगत होता’ वाक्य आलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, “माझा निकाल लागला.”

वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते आणि पुसते. त्यातलं काही हिंगणीच्या शाळेतल्या फळ्यावर उमटलं, हे मला कळलं. बहुतेक शिक्षकांना कळतच नाही. म्हणून लिही : आज, दहा फेब्रुवारीला, समाधानी. उद्याचं उद्या.

आता प्रकल्प लिहून काढ. शुद्धलेखन मी तपासीन, मतं तुझी राहू देत.

तुझी,
चारुता देशकर

*

वर्धा,
२४ जुलै २०२४

प्रिय प्रफुल्ल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तोंडी परीक्षेनंतर धावपळीत नीट बोलताच आलं नाही. बाहेरून आलेल्या सरांनी तुला विचारलं, “तुमच्या अभ्यासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगा,” आणि तू म्हणालास, “सर, एका वाक्यात येत नाही.” तू बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “मुलगा प्रामाणिक आहे.” गुणपत्रिका आलीच आहे, पहिला वर्ग मिळाला, अभिनंदन.

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात कार्यालयात सरिता आली, गणवेशातच. सोबत तिची धाकटी जाऊ. “हिचं नाव लिवा मॅडम, घरचं मी पाहीन,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सेलूहून तीन मुली आल्या. त्यांचे अर्ज सुमीतनं भरून दिले होते. मी विचारलं, “तो तर असमाधानी आहे ना?” त्यातली एक म्हणाली, “हो मॅडम, तो म्हणाला, तुमीबी होऊन पाहा.” निशांतनंही त्याच्या कार्यालयातल्या दोघांना पाठवलं. तू सगळ्यांना प्रकल्पाची प्रत देत फिरलास आणि वर्गाची गत सांगितलीस, हे मला त्यांच्याकडून कळलं. तू बोलला नाहीस.

वर्ग यंदा चालू राहतोय. नागपूरला ‘नाही’ असं कळवलं. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? पण सोमवारपासून तास आहेत, आणि मी पहिल्या दिवशी काय शिकवायचं याचा विचार करतेय, नव्यानं नोकरीला लागल्यासारखी.

तुझं पुढे काय? पुन्हा परीक्षा देणार का? सल्ला देणार नाही, फक्त विचारते.

तुझी,
चारुता देशकर

*

हिंगणी,
१७ ऑगस्ट २०२४

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

वर्गाची बातमी वाचून आईनं गोड भात केला. मी सांगितलं, आपला वर्ग नाही, कॉलेजचा आहे. ती म्हणाली, “मंग का झालं?”

यंदा मी परीक्षेचा अर्ज भरला नाही. पुढे भरेन की नाही, ठरवलेलं नाही. आधी अर्ज भरला नाही तर श्वासच घेता येणार नाही असं वाटायचं. तसं काही झालं नाही.

आमच्याकडे ग्रामरोजगार सेवकाची जागा रिकामी होती. रोजगार हमीची कामं गावात पाहायची, मजुरांची मागणी नोंदवायची, हजेरी ठेवायची. मानधन फार नाही. निवड ग्रामसभा करते. मी अर्ज दिला, गावाच्या मधल्या वस्तीतल्या एका मुलानंही दिला होता. पंधरा ऑगस्टला सभा झाली. सुमित्राबाईंनी दोघांना उभं केलं आणि म्हणाल्या, हात वर करा.

मॅडम, तीनदा राज्यसेवा दिली, पण परवाइतकी भीती कधी वाटली नव्हती. समोर सगळी ओळखीची माणसं. धीरजभाऊ बोट दाखवत एकेक हात मोजत होते. मी बाबांकडे पाहिलं. ते पहिल्याच रांगेत बसले होते, दोन्ही हात मांडीवर. माझं नाव पुकारलं तेव्हाही ते हात हलले नाहीत.

माझी निवड झाली. थोडक्यात झाली, पण झाली. लोकांनी पाठ थोपटली, तो दुसरा मुलगाही येऊन भेटला. पण मला ते मांडीवरचे हातच दिसत होते.

जेवायला बसलो तेव्हा विचारलंच, “बाबा, तुमी हात काऊन नाई वर केला?”

“मी तुहा बाप आहो.”

“म्हनूनच तं इचारून राह्यलो.”

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “उद्या तू पांदन रस्त्याच्या कामावर कोनाले घेशीन, कोनाले नाई. लोकं म्हनतीन, बापानं हात वर करून पोराले बसवलं, आता दोघं मिळून खाऊन राह्यले. घरच्या मानसानं त्यात पडू नये. तूच तं फळ्यावर सांगितलं होतं ना, कोनाचं काम कुठवर?”

“अन् एका हातानं पडलो असतो तं?”

“तं पडला असता.”

मग आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “मी केला होता बाप्पा. दोनी हात.”

“धीरजभाऊनं एकच मोजला,” बाबा म्हणाले आणि तिच्यापुढे ताट सरकवून आणखी भाजी मागितली.

आपला विद्यार्थी,
प्रफुल्ल प्रेमदास थूल